ओझे तिच्या डोक्यावर, बार दुसऱ्याच्या हाती

पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळ येथील हर्षदा शरद गरुड या मुलीने २ मे २०२२ रोजी ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे जागतिक कनिष्ठ वेटलिफ्टिंग स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. ४५ किलो वजनगटात तिने स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३ असे एकूण १५३ किलो वजन उचलले. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. तिच्या आधी कोण्या मुलालाही ते जमले नव्हते. पुढे ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या मीराबाई चानूलाही २०१३ साली याच स्पर्धेत कांस्यपदक मिळाले होते.

वर्धा जिल्ह्यातील आमच्या वाचकाला हे आकडे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. युरियाचे एक पोते ४५ किलोचे येते. म्हणजे एका पोत्याच्या वजनाच्या गटातील मुलीने दोन पोत्यांना थोडे कमी एवढे वजन जमिनीवरून उचलून खांद्यावर घेतले आणि तिथून डोक्याच्या वर, दोन्ही हात ताठ करून, पंचांची खूण होईपर्यंत पेलून धरले. आमचा साधा सवाल असा आहे, की देवळी, सेलू, आर्वी, हिंगणघाटच्या किती शाळांत या मुलीचे नाव मुलींना ठाऊक आहे? क्रिकेटमधल्या एका षटकाराची चर्चा पानटपरीवर आठवडाभर चालते. महाराष्ट्राच्या लेकीने साऱ्या जगात पहिला नंबर काढला, त्याची चर्चा किती दिवस चालली?

हा केवळ एका मुलीच्या कौतुकाचा प्रश्न असता तर आम्ही अग्रलेखाची जागा खर्च केली नसती. कष्ट करणाऱ्या बाईच्या ताकदीला हा समाज कधी आणि कोणत्या अटीवर मान देतो, हा खरा प्रश्न आहे.

वेटलिफ्टिंग हा खेळ समजायला सोपा आहे. महिलांचा लोखंडी बार १५ किलोचा असतो. त्याला दोन्ही बाजूंनी वजनाच्या चकत्या लावतात. स्नॅच या प्रकारात बार एका दमात थेट डोक्यावर न्यायचा, क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर. प्रत्येक प्रकारात तीन संधी. समोर तीन पंच. त्यांपैकी दोघांनी पांढरा दिवा लावला की वजन मान्य. तिथे आडनाव विचारले जात नाही, कातडीचा रंग पाहिला जात नाही, वशिल्याची चिठ्ठी चालत नाही. ७० किलो हे वडगावच्या मुलीला ७० किलो आणि नायजेरियाच्या मुलीलाही ७० किलोच. ज्या समाजाची माणुसकी हजारो वर्षे जन्मावरून मोजली गेली, त्या समाजाला अशा निखळ मोजमापाचे मोल वेगळे सांगायला नको. पण त्या बारापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र सगळ्यांना सारखी नाही, आणि खरा अन्याय तिथेच होतो.

पुरुषांचे वेटलिफ्टिंग १८९६ सालच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्येच होते. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा व्हायला १९८७ साल उजाडावे लागले. आणि ऑलिंपिकचे दार त्यांच्यासाठी उघडले ते २००० साली, सिडनीमध्ये. तब्बल १०४ वर्षांनी! बाई नाजूक असते, वजन उचलणे तिचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांच्या घरात पाणी कोण भरत होते आणि शेतातून भारा कोण आणत होते, हे त्यांना कोणी विचारले नाही. या १०४ वर्षांची किंमत मणिपूरच्या कुंजराणी देवीने मोजली. १९८९ पासून तिने जागतिक स्पर्धांत एकामागून एक रौप्यपदके आणली. पण तिच्या ऐन उमेदीच्या वर्षांत तिच्यासाठी ऑलिंपिकच नव्हते. २००४ साली अथेन्सला ती उतरली तेव्हा वयाची छत्तिशी गाठली होती. तरीही ती चौथी आली.

सिडनीमध्ये आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच स्पर्धेत ७५ किलो गटात काय घडले, हेही आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. नायजेरियाची रूथ ओग्बेइफो, कोलंबियाची मारिया इसाबेल उरुतिया आणि तैवानची कुओ यी-हांग या तिघींनी सारखेच, म्हणजे २४५ किलो वजन उचलले. त्या काळच्या नियमाप्रमाणे जिचे स्वतःचे वजन कमी ती पुढे. त्यामुळे उरुतियाला सुवर्ण आणि ओग्बेइफोला रौप्य मिळाले. उरुतिया ही कोलंबियातील कृष्णवर्णीय समाजातली. गुलाम म्हणून जहाजात कोंबून नेलेल्या आफ्रिकी माणसांचा तो समाज. त्या देशाच्या इतिहासातले पहिले ऑलिंपिक सुवर्ण त्या समाजातल्या बाईने आणले. दार उघडल्याबरोबर पहिल्याच वर्षी आत कोण आले, ते पाहा. आंध्रची मल्लेश्वरी, नायजेरियाची ओग्बेइफो, कोलंबियाची कृष्णवर्णीय उरुतिया. ताकद यांच्यात आधीपासूनच होती, दार तेवढे बंद होते.

दार उघडले म्हणून मान लगेच मिळतो असेही नाही. इजिप्तच्या अबीर अब्देलरहमान हिची कहाणी ऐकण्यासारखी आहे. २००८ साली बीजिंगला ती पाचवी आली. २०१२ साली लंडनला ७५ किलो गटात पुन्हा पाचवी आली. पाचव्या क्रमांकाला पदक नाही, राष्ट्रगीत नाही, विमानतळावर हार नाही. तोवर इजिप्तच्या एकाही महिलेला ऑलिंपिक पदक मिळालेले नव्हते. पुढे जुने नमुने नव्या पद्धतीने पुन्हा तपासले गेले आणि लंडनच्या त्या गटातल्या तिन्ही पदकविजेत्या उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी ठरल्या. बीजिंगच्याही दोघी अपात्र ठरल्या. त्यामुळे अबीरच्या नावे बीजिंगचे कांस्य आणि लंडनचे रौप्य अशी दोन पदके लागली. पण केव्हा? अनेक वर्षे उलटून गेल्यावर. लंडनच्या त्याच गटात कॅमेरूनच्या मदियास न्झेसो हिला कांस्य मिळाले, तेही असेच मागाहून. बीजिंगला पाचव्या आलेल्या नायजेरियाच्या मरियम उस्मानचे कांस्यही असेच उशिरा आले. प्रामाणिकपणे वजन उचलणाऱ्या आफ्रिकी बायकांचा हक्क दुसऱ्यांनी चोरला आणि तो परत मिळाला तेव्हा टाळ्या वाजवायला कोणी नव्हते.

दरम्यान, २०१६ साली रिओमध्ये सारा अहमद या अठरा वर्षांच्या इजिप्शियन मुलीने कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिकच्या पदकमंचावर उभी राहिलेली ती त्या देशातली पहिली महिला. २०२४ साली पॅरिसमध्ये तिनेच ८१ किलो गटात रौप्यपदक मिळवले. या मुली आकाशातून पडलेल्या नाहीत. आधीच्या बायकांनी पाचवे येऊन, विसरले जाऊन जी वाट पाडली, तिच्यावरूनच पुढच्या चालत आल्या.

नाण्याची दुसरी बाजूही आम्ही लपवणार नाही. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत नायजेरियाची एक सोळा वर्षांची मुलगी ५३ किलो गटात पहिली आली आणि चाचणीत दोषी ठरून तिचे सुवर्ण काढून घेतले गेले. त्यामुळे भारताच्या संतोषी मत्साला रौप्य आणि स्वाती सिंगला कांस्य मिळाले. नियम म्हणून ते योग्यच झाले. पण सोळा वर्षांच्या मुलीचे नाव जगभर छापले जाते, तेव्हा तिच्या भोवतीची मोठी माणसे काय करत होती, हा प्रश्न कोणी विचारायचा? आपल्या देशातही वेटलिफ्टिंगला उत्तेजकांचा डाग अनेकदा लागला आहे. गरीब घरातील मुलीला नोकरीची आशा दाखवून कोणी काही पाजले, तर आयुष्य तिचे बरबाद होते आणि पाजणारा नव्या मुलीच्या शोधात निघतो. म्हणून आमच्या मुलींना बाराबरोबर ही जाणीवही दिली पाहिजे.

आता आपल्या अंगणात येऊ. मीराबाई चानूने २०२१ साली टोकियोत २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले, तेव्हा प्रसारमाध्यमांनी एक गोष्ट चवीने सांगितली. लहानपणी भावाला न पेलणारी सरपणाची मोळी ती सहज उचलून आणायची. गोष्ट खरी आहे. पण तिच्यातून जो अर्थ काढला गेला तो आम्हाला मान्य नाही. जणू काही गरिबी हीच तालीम आणि मोळी हाच बार! असे असते तर वर्धा जिल्ह्याच्या गावागावांत सुवर्णपदके लटकलेली दिसली असती. आमच्या आयाबहिणी डोक्यावर चुंबळ ठेवून पाणी आणतात, तुराट्या-पऱ्हाट्यांचे भारे आणतात, बांधकामावर गिट्टीची घमेली वाहतात. कापसाच्या हंगामात दिवसभर वाकून वेचलेल्या कापसाचे गाठोडे संध्याकाळी काट्यावर चढते आणि किलोच्या हिशेबाने तिच्या हातावर मजुरी पडते. आयुष्यभरात तिने किती टन वजन वाहिले याची नोंद कोणत्याच वहीत नाही. त्या ओझ्याने तिला पदक मिळाले नाही. मिळाली ती मानेची आणि कमरेची दुखणी.

ओझे आणि खेळातले वजन यांत हाच फरक आहे. ओझे दुसरा लादतो, ते नाकारता येत नाही, त्याला विश्रांती नाही, शिकवणारा नाही, मोजणारा नाही. बाराला हात घालते ती स्वतःच्या मर्जीने. तिला शिकवणारा असतो, पोटभर आहार असतो, झोप असते आणि उचललेल्या प्रत्येक किलोची नोंद होते. मीराबाईला मोळीने घडवले नाही, इंफाळच्या केंद्रातल्या शिक्षणाने घडवले. तिथवर तिला फुकट नेणारे ट्रकचालक भेटले. टोकियोहून परतल्यावर तिने त्या चालकांना शोधून काढले, घरी बोलावून जेवू घातले, शर्ट आणि मणिपुरी शेला देऊन त्यांचा सन्मान केला. आपल्याला वर उचलणाऱ्याची आठवण ठेवणे म्हणजे काय, हे त्या मुलीने भल्याभल्यांना शिकवले.

महाराष्ट्रातही हेच दिसते. हर्षदाचे वडील स्वतः वेटलिफ्टर. वडगाव मावळमध्ये बिहारीलाल दुबे यांच्यासारखा प्रशिक्षक गावातच होता. २०२२ सालीच मेक्सिकोतील लिओन येथे युवा जागतिक स्पर्धेत ४० किलो गटात रौप्य मिळवणारी आकांक्षा व्यवहारे मनमाडची. त्याच वर्षी पंचकुला येथे खेलो इंडिया युवा स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी काजोल सरगर सांगलीची. तिचा भाऊ संकेत याने बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवले. पानाची टपरी आणि चहाचे दुकान चालवणाऱ्या बापाची ही मुले. यांतले कोणीही मुंबईच्या बंगल्यातून आलेले नाही. घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर एक व्यायामशाळा, एक बार आणि शिकवणारा एक जाणता माणूस, एवढीच त्यांची पुंजी होती.

वडगाव, मनमाड, सांगली. या यादीत आमच्या वर्धा जिल्ह्याचे नाव का नसावे? ताकदीची कदर या जिल्ह्याला नाही असे कोण म्हणेल? कुस्तीच्या आखाड्यातून आलेल्या रामदास तडस यांना याच जिल्ह्याने २०१४ आणि २०१९ अशा दोन वेळा लोकसभेत पाठवले. शेजारी अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शारीरिक शिक्षणाचे काम करीत आहे. परंपरा आहे, माणसे आहेत. पण गावात पैलवान म्हटला की डोळ्यांसमोर पुरुषच येतो. मुलगी अंगाने भरली, तिचे दंड दिसू लागले की आईच्या पोटात गोळा येतो, लग्न कसे जमायचे? ही भीती आमच्या वस्तीतही आहे, ती फक्त दुसऱ्यांच्या घरात आहे असे म्हणून चालणार नाही.

शिवाय खेळाचे नियम बदलले आहेत. हर्षदाने ज्या ४५ किलो गटात जग जिंकले तो गट ऑलिंपिकमध्ये नव्हताच. पॅरिसमध्ये महिलांचा सर्वात हलका गट ४९ किलोचा होता. आंतरराष्ट्रीय महासंघाने जून २०२५ पासून ४५ चा गटच काढून टाकला आणि वरिष्ठ व कनिष्ठ स्पर्धांत सुरुवात ४८ पासून केली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर सुरुवातच ५३ किलोपासून आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉर्वेत ४८ किलो गटात १९९ किलो उचलून जागतिक रौप्य मिळवणाऱ्या मीराबाईपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. मग खेड्यातल्या हडकुळ्या मुलीने काय करायचे? पाच-आठ किलो स्नायू अंगावर चढवायचे तर दूध, अंडी, मटण, डाळ रोज लागते. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांच्या अंगात पुरेसे रक्तच नाही. वजनगटाचा नियम परदेशातल्या कचेरीत ठरतो, पण त्याचा निकाल आमच्या मुलीच्या ताटात लागतो.

नोकरीचे म्हणाल तर महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय सेवेत ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी आधी मान्यताप्राप्त स्पर्धा, मग प्रमाणपत्र, मग पडताळणी. या राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली आहेत. ज्यांनी कधी बाराला हात लावला नाही त्यांनी खुर्च्या बळकावायच्या आणि जिने घाम गाळला तिने कागदासाठी हेलपाटे घालायचे, हा कोणता न्याय?

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात झालेल्या दलित महिला परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो स्त्रियांसमोर समाजाच्या प्रगतीचे माप सांगितले होते. स्त्रिया किती पुढे गेल्या त्यावरून ते समाजाची प्रगती मोजत असत. परिषदेच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. ते माप आज आमच्या जिल्ह्याला लावून पाहावे. शिक्षणात आमच्या मुली पुढे गेल्या हे खरे. पण शरीर कमावण्याचा, त्या शरीराचा अभिमान बाळगण्याचा हक्क त्यांना मिळाला आहे काय?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. वर्धा जिल्ह्यातील आठही तालुक्यांत मागासवर्गीय मुलींच्या शासकीय वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत बार, वजने आणि लाकडी मंच द्यावेत, त्यासाठी अनुसूचित जाती आणि आदिवासी उपयोजनेचा निधी वापरावा. आष्टी-कारंजाच्या मुलीला सरावासाठी रोज वर्ध्याचे जिल्हा क्रीडा संकुल गाठणे शक्य नाही, तेव्हा प्रशिक्षक तालुक्याला गेला पाहिजे आणि शक्यतो ती महिला असावी. सराव करणाऱ्या मुलीला पदक येण्याची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून पूरक आहार मिळाला पाहिजे. आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाने शालेय स्पर्धेत प्रत्येक मुलीने उचललेले वजन नावानिशी जाहीर करावे, म्हणजे खोट्या प्रमाणपत्रांचा धंदाही बसेल.

सरकारकडे बोट दाखवून आमची जबाबदारी संपत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या डीजेवर जी वर्गणी उडते, तिच्यातून वस्तीतल्या समाजमंदिरात मुलींसाठी एक बार येऊ शकतो. आमच्या मंडळांनी येत्या जयंतीला हा ठराव करावा. कार्यकर्त्यांनी आईबापांची समजूत काढावी. वस्तीतल्या निवृत्त सैनिकांनी, शारीरिक शिक्षकांनी संध्याकाळचा एक तास द्यावा.

पदक आल्यावर हार घेऊन धावणारे खूप भेटतील. अबीर अब्देलरहमानच्या वाट्याला तेही वेळेवर आले नाहीत. आमच्या मुलीला हवी आहे ती त्याआधीची ओळख. तू बलवान आहेस आणि ते चांगले आहे, असे तिला घरात, शाळेत, वस्तीत कोणीतरी सांगितले पाहिजे, आणि सांगताना तिच्या हातात बार दिला पाहिजे. तिच्या आईने उचललेल्या वजनाची नोंद कोणी ठेवली नाही. निदान तिची तरी ठेवा!